पहिल्या पाळीचे मोल

अमेरिकेतील धंदेवाईक खेळांत एक विलक्षण रीत आहे. हंगामात जो संघ सर्वांच्या मागे पडतो, त्याला नव्या दमाच्या खेळाडूंमधून सर्वांआधी निवड करू देतात. या निवडीला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून ती १९३६ साली सुरू झाली. श्रीमंत संघांनीच सारी गुणी मुले पळवू नयेत, हा हेतू. पंगतीत शेवटी बसलेल्याच्या पानावर आधी वाढावे, तसा हा न्याय!

पण या पहिल्या पाळीचे मोल सर्व खेळांत सारखे नाही. बास्केटबॉलमध्ये संघाचे पाचच गडी खेळत असतात. थोर खेळाडूच्या हाती चेंडू पुन्हा पुन्हा येतो. एकटा माणूस संघाचे दैव पालटू शकतो. क्लीव्हलँडच्या संघाने एका हंगामात ८२ पैकी अवघे १७ सामने जिंकले. २००३ साली त्याने लेब्रॉन जेम्सला पहिला निवडला आणि चौथ्याच हंगामात तो अंतिम फेरीत पोचला.

बेसबॉलचे तसे नाही. तिथे नऊ फलंदाज क्रमाने येतात. कितीही मोठा असला तरी रांग मोडता येत नाही. शिवाय निवडलेला मुलगा बहुधा काही वर्षे खालच्या दर्जाच्या संघांत घासून निघतो, तेव्हा कुठे वर येतो. १९९१ साली पहिला निवडलेला ब्रायन टेलर वरच्या दर्जाचा एकही सामना खेळला नाही. उलट १९८८ साली १,३९० व्या क्रमांकाला उचललेला माइक पियाझा २०१६ साली त्या खेळाच्या मानकऱ्यांत जाऊन बसला.

आता खरा प्रश्न असा की, दुबळ्याला झुकते माप द्यावे ते किती? मदत नाममात्र असेल तर तो वर येत नाही. भरघोस असेल तर दुबळे राहण्यातच लाभ दिसू लागतो. संघ मुद्दाम हरतात असा संशय बळावला, म्हणून बास्केटबॉलने १९८५ पासून मागे पडलेल्यांत सोडत काढायला सुरुवात केली. २०१९ साली तर तळाच्या तिघांचीही संधी सारखीच, शेकडा १४, केली. बेसबॉलनेही २०२३ च्या निवडीपासून सोडत आणली. म्हणजे बक्षीस थोडे असले तरी मोह सुटत नाही!

या सोडतीत एक अन्याय आहे. जो जिवापाड झुंजूनही तळाला गेला, त्याचाही वाटा लबाडांच्या भीतीने कमी होतो. कुणी ढोंग करील म्हणून खऱ्या गरजवंताचा हात आखडता धरायचा, हे आपल्या व्यवहारातही रोज घडते. मैदानापुरते मी ते मान्य करीन; कारण प्रेक्षकाने पैसे मोजलेले असतात ते झुंज पाहण्यासाठी, आणि ठरवून पत्करलेली हार ही त्याची फसवणूक आहे. पण मैदानात हरणाऱ्याची फक्त पाळी जाते. संसारात भाकरी जाते. तिथे चार लबाड जेवून गेले तरी चालतील, एक भुकेला दारातून परतता कामा नये.