न पडलेला पूल

पूल पडला की बघायला सगळे गोळा होतात. उभ्या पुलाकडं कोण बघतो? माझ्या मते खरा हिशोब उभ्या पुलाचाच करायला पाहिजे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं माणसांसकट वाहून गेली. पुढं वर्षाच्या आत तिथं नवा पूल उभा राहिला. म्हणजे पैसा होता, माणसं होती, मनात आणलं तर वेगही होता. हे सगळं जागं व्हायला आधी जीव का जावे लागतात?

शेतकऱ्याला यातलं मर्म सांगावं लागत नाही. पहिल्या पावसात आपण बांधावरून फिरतो. खेकड्याचं बीळ दिसलं तर चिखलाचा एक गोळा पुरतो. तेच राहिलं तर एका रात्रीत बांध फुटतो आणि वरची माती जाते. पुलाचंही तसंच. वरचं डांबर गुळगुळीत असतं, पण खाली पाणी खांबाच्या पायाशी उकरत असतं. दगडाच्या सांध्यात पिंपळ रुजतो. रोप हातानं उपटता येतं, झाड झालं की दगड घेऊनच निघतं.

आता कोणी म्हणेल, पूल ढीगभर, पैसा थोडा, आधी कुठला? वाहनं मोजली तर हमरस्ता पहिला. ते चूक नाही, तिथं जीव जास्त. पण जोडीला हेही मोजावं, की हा पूल गेला तर दुसरी वाट आहे का? सावित्रीवर शेजारी दुसरा पूल होता, म्हणून वाहतूक पुन्हा सुरू झाली. वाडीचा साकव गेला तर शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, बाळंतपणाला निघालेली लेक, सगळी ओढ्याच्या अलीकडंच. माणसं थोडी म्हणून अडचण थोडी होत नाही.

दुरुस्तीचा पैसा ओळीनंच मिळणार, त्याला इलाज नाही. पण बघायला फार पैसा लागत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर खाली उतरून बघणं साकवाच्याही वाट्याला यावं. जुन्या पुलाकडं जास्त वेळा जावं, जसं आपण म्हाताऱ्या बैलाचे खूर बघतो. बघितलेलं वहीत मांडावं, म्हणजे भेग वाढली की तेवढीच आहे ते पुढच्याला कळेल.

पिंपळाचं रोप उपटणाऱ्याच्या नावाची कोनशिला कुणी बसवत नाही. तरी पूल बांधणाऱ्याइतकाच त्याचा मान आहे, असं मी धरतो.