चालता येते का?



अपंगत्वाच्या दाखल्याची मुदत संपली की पुन्हा बोर्डासमोर जावे लागते. अवस्था बदलण्याची शक्यता नसेल तर दाखला कायमचा मिळतो. पण मणक्याचे दुखणे, सांध्यांची झीज, अर्धांगवायूनंतर हळूहळू सुधारणारा पाय अशा बाबतींत त्यावर मुदत घातलेली असते. मग पुन्हा जुने कागद, नवा एक्स-रे, रांग आणि तपासणी. आपल्या धर्मग्रामातही अशी काही मंडळी आहेत. त्यांच्यापैकी दोघातिघांनी गेल्या काही महिन्यांत आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला, "फादर, तिथे नेमके किती सांगायचे?"

"खरे असेल तेवढे सांगा" असे म्हणून आम्हाला मोकळे होता आले असते. पण विचारणारा माणूस लबाड नसतो. त्याला खरेच सांगायचे असते. खरे काय, हेच त्याला ठरवता येत नसते. सकाळी उठल्यावर अर्धा तास पाय जमिनीला टेकवत नाही. दुपारी तोच नाक्यापर्यंत जाऊन येतो, आणि त्यापायी दुसरा अख्खा दिवस खाटेवर काढतो. अशा माणसाला चालता येते की येत नाही?

सरकारला आकडा लागतो, आणि तो लागणारच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने राखीव जागांसारख्या लाभांसाठी किमान 40 टक्क्यांची अट घातली आहे. आपल्या राज्यातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही दिव्यांगांसाठी तेवढेच टक्के लागतात. 39 आणि 40 यांतला फरक शरीराला कळत नाही. घरात दर महिन्याला पैसे येणार की नाही, हे मात्र त्या एका टक्क्यावर ठरते.

पायाचे मोजमाप दोन भागांत होते. सांधे किती वळतात आणि स्नायूंत जोर किती, हा एक भाग. शरीर तोलून धरता येते का, हा दुसरा. या दुसऱ्या भागात नऊ साध्या गोष्टी करून पाहतात आणि प्रत्येकीला दहा गुण असतात : सपाटीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, अधू पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे. यादी करणाऱ्याला आपली घरे चांगली ठाऊक असावीत. गुडघे टेकण्याचे दहा गुण वाचून आम्हाला थोडे हसू आले. दर रविवारी बाकांमध्ये निम्मी मंडळी ही परीक्षा देतच असतात, आणि कोण नापास झाले हे वेदीवरून स्पष्ट दिसते.

संत थॉमस अॅक्विनास यांनी सत्याविरुद्धच्या दोषांचा विचार करताना स्वतःविषयी बोलण्याचे दोन दोष वेगळे काढले आहेत. एक, आहे त्याहून जास्त सांगणे, म्हणजे बढाई. दुसरा, आहे त्याहून कमी सांगणे. हा विचार त्यांनी अॅरिस्टॉटलकडून घेतला. दाखल्यासाठी मुद्दाम लंगडणारा दुसऱ्या दोषात सापडतो, आणि कायद्याचा धाकही त्याच्यासाठीच आहे : दिव्यांगांचे लाभ फसवणुकीने घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आमच्या पाहण्यात मात्र पहिला दोष कितीतरी अधिक आहे. जन्मभर वाडीत राबलेली म्हातारी. बोर्डासमोर जायचे म्हणून ठेवणीतले लुगडे नेसते, दुखण्याच्या दोन गोळ्या घेते, दारापर्यंत सुनेचा हात धरते आणि आत शिरताना सोडून देते. डॉक्टर विचारतात, "मावशी, चालता येतं ना?" ती म्हणते, "येतं की!" घरी ती न्हाणीपर्यंत भिंत धरून जाते आणि रात्री एकटी उठत नाही. तिला वाटते, आपण रडगाणे गायलो नाही, लाज राखली. थॉमसच्या मापाने पाहिले तर ही बढाईच ठरते, आणि तिची किंमत सुनेला मोजावी लागते. तिच्या कण्यातला ताठपणा आम्हाला कमी लेखायचा नाही. पण डॉक्टरांपुढे तिचे उत्तर खरे नव्हते.

"येते" या शब्दातच घोटाळा आहे. एकदा घडले म्हणजे ते करण्याची क्षमता आहे, असे होत नाही. मुलाला वाचवायला एखादा पोहता न येणारा बापही पाण्यात हातपाय मारून काठाला लागतो. म्हणून त्याला पोहता येते असे आपण म्हणत नाही. चालता येते म्हणजे गरज पडेल तेव्हा, पुन्हा पुन्हा, पडण्याच्या भीतीशिवाय आणि नंतर अंथरूण न धरता चालता येते.

लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंगावरचा चट्टा तपासण्याचे काम याजकाकडे आहे. म्हणजे एके काळी हा बोर्ड आमच्याच पेशाकडे होता! तिथे नियम असा, की शंका असेल तर याजकाने सात दिवस थांबावे, पुन्हा पाहावे, आणि तरीही शंका राहिली तर आणखी सात दिवस थांबावे. आजच्या डॉक्टरांपुढे रांग असते. सात दिवस त्यांनी कुठून आणायचे? ते आपणच बरोबर न्यावेत. आठवडाभर रोज लिहून ठेवा : किती चाललो, कुठे थांबलो, कोणाचा आधार घेतला, किती वेळा पडलो, कोणत्या गोळ्या घेतल्या. बरे गेलेले दिवसही लिहा. ते वगळले तर बाकीचे कोण खरे मानील?

शेजाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. 2024 मध्ये बनावट दाखल्यांची प्रकरणे वर्तमानपत्रांत गाजली आणि खऱ्या गरजूंकडेही लोक संशयाने पाहू लागले. "काल तर मासळीबाजारात दिसला होता!" दिसला असेल. परत कसा गेला, हे पाहिले का? रात्री त्याचे पाय कोणी चेपले? आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे. अर्धे पाहून पूर्ण बोलणारा ती मोडतो असे आम्हाला वाटते, मग त्याने पाहिलेले अर्धे कितीही खरे असो.

काही जण आमच्याकडे चर्चचे पत्र मागतात, "यांना अजिबात चालता येत नाही" एवढेच लिहा म्हणतात. 'अजिबात' आम्ही लिहून देत नाही. आम्ही पाहिले ते लिहितो : इतक्या महिन्यांपासून परमप्रसाद घरी नेतो, मिस्साला आले तर रिक्षाने येतात, मागच्या बाकावर बसतात, गुडघे टेकत नाहीत. आकडा बोर्ड स्वतःच्याच तपासणीवर ठरवतो, तेव्हा आमच्या पत्रावर फार भिस्त ठेवू नका. निर्णय पटला नाही तर अपील करण्याचा हक्क याच कायद्यात आहे. अर्ज लिहायला आम्ही मदत करू.

जाताना घरातले, रोज उठवणारे माणूस बरोबर न्या. काठी रोज वापरत असाल तर तीही न्या. आणि उकिडवे बसायला सांगितले तर बसण्याआधीच सांगून टाका, की बसता येईल, उठवायला मात्र कोणीतरी लागेल.