कानाची साक्ष आणि ज्ञानाचे प्रामाण्य

प्रत्यक्ष अनुभव आपल्याच बळावर खरा ठरतो, की त्यालाही बाहेरून पुष्टी लागते, हा भारतीय दर्शनांतील प्रामाण्यवादाचा कळीचा प्रश्न आहे. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा. सातव्या शतकातील कुमारिल भट्ट आणि त्यांच्या परंपरेतील मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात. त्यांच्या मते झालेले ज्ञान, त्याला बाधक असे दुसरे ज्ञान उभे राहीपर्यंत किंवा ते ज्या कारणांतून उपजले त्यांत दोष आढळेपर्यंत, खरेच मानावयाचे असते. नैयायिकांचा पक्ष परतःप्रामाण्याचा आहे. ज्ञानाला अनुसरून केलेली कृती सफल झाली, तरच ते ज्ञान खरे होते असे कळते, असे ते म्हणतात. हा वाद पोथीपुरता उरलेला नाही, हे पाहण्यासाठी व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर घरी बांधणाऱ्या आणि त्यात सतत सुधारणा करत राहणाऱ्या कारागिराचे उदाहरण विशेष उपयोगी पडते, कारण त्याच्या कामात हा प्रश्न पदोपदी उभा राहतो.

प्रीअँप्लिफायर म्हणजे रेकॉर्ड प्लेअर किंवा तत्सम साधनातून येणारा क्षीण विद्युत्संकेत मुख्य अँप्लिफायरकडे पाठवण्याआधी सावरणारे आणि वाढवणारे उपकरण. त्यात वापरला जाणारा व्हॉल्व्ह ही हवा काढून घेतलेली काचेची नळी असते. तिच्यातील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, धन दाबाखालील प्लेट त्यांना ओढून घेते, आणि या दोहोंमधील जाळी, म्हणजे ग्रिड, तिच्यावरील दाबात होणाऱ्या अल्प बदलाने तो सारा प्रवाह कमीजास्त करते. या कामासाठी आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या 12एएक्स7 या व्हॉल्व्हचा वर्धनांक 100 आहे. तथापि प्लेटला 100 किलोओहमचा आणि कॅथोडला 1.5 किलोओहमचा रेझिस्टर जोडलेल्या नेहमीच्या रचनेत प्रत्यक्ष वर्धन सुमारे 30 पटच मिळते. कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर असा पुरेशा क्षमतेचा कॅपॅसिटर लावला, की तेच वर्धन सुमारे 60 पटींवर जाते.

एवढा एक कॅपॅसिटर सोल्डर करून कारागीर पुन्हा तेच गाणे लावतो, तेव्हा त्याला खर्ज भरदार आणि गळा अधिक जवळचा वाटतो, आणि नव्या कॅपॅसिटरने आवाजाचा दर्जा सुधारला असा निष्कर्ष तो काढतो. या निष्कर्षात दोन भिन्न विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. ऐकणे अधिक सुखद झाले हे पहिले विधान अनुभवाचे आहे, आणि त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. ते सुख कॅपॅसिटरच्या गुणामुळे आले हे दुसरे विधान मात्र अनुमानाचे आहे. सदोष अनुमानाची चिकित्सा करताना न्यायशास्त्र उपाधीची कल्पना मांडते. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणणारा ओल्या इंधनाची अट विसरलेला असतो. धूर अग्नीच्या सोबतीला नेहमी नसतो, इंधन ओले असेल तरच असतो, म्हणून ओले इंधन ही येथे उपाधी होय. कारागिराच्या अनुमानातील उपाधी आवाजाची पातळी ही आहे, कारण वर्धन दुप्पट होताच पातळी 6 डेसिबलने चढते, आणि हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, पातळी चढली की कानाला खालचे स्वर तुलनेने अधिक भरून ऐकू येतात.

ही उपाधी दूर करण्याचा मार्ग उघड आहे. दोन्ही रचनांची पातळी मीटरने मोजून समान करावी, आणि कोणती रचना चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. याच मन्सन यांनी मार्क गार्डनर यांच्यासह 1950 मध्ये जी पद्धत वर्णिली, तिचे आजचे प्रचलित रूप असे आहे की ऐकणाऱ्याला अ आणि ब या दोन ध्वनींबरोबर क्ष हा तिसरा ऐकवला जातो आणि तो पहिल्या दोहोंपैकी कोणता, हे त्याने ओळखायचे असते. 16 पैकी 12 किंवा त्याहून अधिक वेळा उत्तर बरोबर आले, तर ते निव्वळ अंदाजाने घडण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते. नैयायिकांच्या सफल प्रवृत्तीचे याहून नेटके उदाहरण मिळणे कठीण आहे.

यावर मीमांसकांचा जुना आक्षेप येतो, की एका ज्ञानाच्या पुष्टीला दुसरे लागले तर दुसऱ्याला तिसरे लागेल आणि अनवस्था ओढवेल, म्हणजे ही साखळी कोठेच संपणार नाही. आक्षेप वजनदार आहे, परंतु या कसोटीला तो बाधत नाही, कारण तिचा शेवटचा निर्णयही कानच देतो. कसोटी कानाला पदच्युत करत नाही. किंमत, नाममुद्रा, नळीतील तांबूस उजेड आणि स्वतः घेतलेल्या कष्टांची माया यांची साक्ष तेवढी ती बाजूला ठेवते. कारणदोष आढळेपर्यंतच ज्ञान खरे मानावे, ही कुमारिलांची अट येथे नेमकी लागू पडते. चढलेली पातळी आणि आधीपासून असलेली माहिती हे ज्ञात दोष असल्यामुळे, स्वतःप्रामाण्यवाद्यालाही तो निष्कर्ष जसाच्या तसा पदरात घेता येणार नाही. तत्त्वात परस्परविरोधी असलेले दोन पक्ष अशा रीतीने व्यवहारात एकाच शिस्तीपाशी येतात.

या शिस्तीचे महत्त्व ध्वनीपुरते मर्यादित नाही. ध्यानात लाभलेली शांती किंवा पूजेत दाटून आलेला भाव यांच्या बाबतीतही अनुभव घडला हे निर्विवाद असते, पण तो अमुक कारणाने घडला आणि त्यावरून विश्वाविषयी अमुक सिद्ध होते, ही पुढची विधाने अनुमानाचीच असतात आणि त्यांतील उपाधी शोधणे हे साधकाचे कर्तव्यच ठरते. असा शोध श्रद्धेचा अवमान करतो हा समज चुकीचा आहे. ज्याला आपल्या अनुभवाची खरी किंमत वाटते, तोच तो पारखून घेण्याचे कष्ट घेतो, आणि पारखून उरलेले थोडे असले तरी ते निःशंकपणे त्याचे असते.