म्युऑनला टेकडीचा आडोसा

किरणांपासून संरक्षण म्हटले की आपल्याला शिसे आठवते. एक्स-रे खोलीतल्या जड एप्रनने ती समजूत पक्की करून टाकली आहे. कणत्वरकातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांपुढे आधी शिसेच उभे करणे म्हणजे मात्र आगीतून फुफाट्यात. नवी मुंबईत खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रात 10 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा त्वरक आहे. त्या इलेक्ट्रॉनांना 5 सेंटिमीटर पाणीसुद्धा अडवते. पण वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळ अडखळला, की गमावलेली ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने टाकतो, आणि अणू जड असेल तर सढळ हाताने टाकतो. म्हणून आधी ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक, मग शिसे-काँक्रीट. त्या जाड भिंती इलेक्ट्रॉनांसाठी नसतातच. त्यांना अडवल्यामुळे जे जन्माला येते, त्यासाठी असतात. अडवणे हीही कृतीच, आणि तिचेही परिणाम निस्तरावे लागतात, हे मला नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा इथे अधिक स्वच्छ दिसते.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डचा 3 किलोमीटर लांबीचा त्वरक 1966 साली सुरू झाला आणि हे निस्तरणे फारच लांबले. 20 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन झोत अडवणाऱ्या शेवटच्या ठोकळ्यावर आदळले, की क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांच्याबरोबर थोडे म्युऑनही निघतात. म्युऑन इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण सुमारे 207 पट जड. त्यामुळे तो अणुकेंद्रापाशी सहसा अडखळत नाही. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत थोडी थोडी ऊर्जा खर्च करतो. न्यूट्रॉनला पाण्याने-काँक्रीटने दमवता येते. म्युऑनला निव्वळ लांबीच लागते. 20 जीईव्हीच्या म्युऑनला लोखंड 12-14 मीटर, माती 40-50 मीटर! सुदैवाने तो जवळजवळ नाकासमोरच जातो, म्हणून एवढा खर्च झोताच्या रेषेतच करावा लागतो.

याच अडचणीचा तिथल्या लोकांनी छान उपयोग केला. 1980च्या दशकातील ई-137 या प्रयोगात झोत अडवणाऱ्या ठोकळ्यामागे 179 मीटर टेकडी होती, तिच्यापलीकडे 204 मीटर मोकळी जागा आणि मग शोधक यंत्र. म्युऑनसकट सारे ओळखीचे कण टेकडी गिळणार. तरीही कुणी पार आलाच, तर तो ॲक्सिऑनसारखा, आजवर केवळ सिद्धांतातच असलेला अनोळखी पाहुणा. आडोसाच गाळणी झाला. 1988 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: असा एकही कण सापडला नाही.