हजर, सर!

शाळेत मास्तर हजेरी घेताना नाव पुकारीत आणि आपण ‘हजर’ म्हणत असू. त्या शब्दाने शरीराची नोंद होई. मन मात्र केव्हाच बोरांच्या गाडीपाशी पोचलेले असे. कॉलेजात शरीरालाही सवलत मिळाली. मित्र आवाज बदलून ‘येस सर’ म्हणे आणि आपण कँटीनमध्ये चहा पीत पीत वर्गात हजर! तेव्हा असून नसण्याची कला आपल्याकडे जुनीच. २०२० साली वर्ग मोबाइलवर भरू लागले, म्हणून उगाच इंटरनेटला बोल नको.

फरक इतकाच, की आता काळ्या चौकोनात नुसते नाव दिसू लागले. ‘आवाज येतोय का?’ हे त्या वर्गांचे ईशस्तवन. मास्तर बिचारे चाळीस चौकोनांना चक्रवाढ व्याज शिकवीत. मग फर्मान निघे, ‘कॅमेरे चालू करा!’ पण एका खोलीच्या बिऱ्हाडात पोराच्या मागे आई भाकऱ्या थापतेय, आजोबा उघड्याने तपकीर ओढताहेत. ते सगळे वर्गापुढे मांडायचे? व्याजाच्या गणितासाठी एवढे मुद्दल? मला नाही पटत.

१९७६ साली शॉर्ट, विल्यम्स आणि ख्रिस्टी या तीन विलायती पंडितांनी दूरसंचारावर एक पुस्तक लिहिले. पलीकडचा माणूस किती खराखुरा वाटतो, ते मधल्या साधनावर ठरते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या अभ्यासकांनी साधनापेक्षा ते वापरणाऱ्या माणसांवर भर दिला. आमच्या एकलव्याचे साधन काय, तर माती! तरी त्याला गुरू पुरेपूर हजर वाटला. पण गोम पुढेच आहे. पोर रानात काय करतेय, याची गुरूला गंधवार्ता नव्हती. पुन्हा भेट झाली ती थेट अंगठा मागायच्या वेळी!

हजेरी ही अशी दुहेरी असते. आपण नसलो तर कुणाला तरी चुकल्यासारखे वाटेल, एवढी खात्री असली की पोरगे काळ्या चौकोनातही सावरून बसते. ‘काल दिसला नाहीस रे, ताप होता का?’ एवढे विचारले तरी पुरते. वहीच्या फोटोवर नावानिशी ‘तिसरी पायरी पुन्हा बघ’ असे लिहून आले, की मास्तर घरी आले म्हणून समजा.

अर्थात याला वेळ लागतो. हजेरीपटातली नावे वाचायला दोन मिनिटे पुरतात, ओळखीची व्हायला वर्ष जाते. पण शाळेचे वर्ष तेवढ्यासाठीच तर असते ना?