वाचलेले पैसे कुणाचे?



राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी परतताना आपण प्रत्येक जण मनाशी काहीतरी सोडायचे ठरवतो. कुणी मांसाहार सोडतो, कुणी गोडधोड, कुणी रात्रीची मालिका. गेल्या प्रायश्चित्तकाळात आपल्यापैकी एका तरुणाने सिगारेट सोडली. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर लिहिण्याची गरज पडली नसती. पण सिगारेटचे रोजचे पैसे तो एका पत्र्याच्या डब्यात टाकू लागला आणि तो डबा चर्चच्या दानपेटीसाठी नव्हता. आजऱ्याचा काजू आणि घनसाळ तांदूळ मोबाईलवरून मुंबई-पुण्याला विकायचा, स्वतःचा ऑनलाइन व्यवसाय उभा करायचा, त्यासाठी ते भांडवल होते. एका रविवारी मिस्सा संपल्यावर आवारात त्याने आम्हांला सरळच विचारले, "हे उपासात धरायचं की नाही?"

शेजारी उभ्या असलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी लगेच निकाल दिला. "यात कसला उपास? या खिशातलं त्या खिशात." दुसरे म्हणाले, "का होईना, छाती तरी वाचली." आणखी एकाला वेगळीच शंका आली : रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत, मग रविवारी एखादी ओढली तर चालेल का? सगळे हसले आणि पांगले. आम्ही मात्र घरी पोहोचेपर्यंत त्या प्रश्नाचा विचार करत होतो. तो दिसतो तितका सोपा नाही.

आधी थोडा हिशेब करू. दिवसाला साठ रुपये धरले तर महिन्याचे अठराशे आणि वर्षाचे 21,900 रुपये होतात. आपल्या भागातल्या कष्टकरी घराला ही रक्कम लहान नाही. तरी ती जाताना कधी दिसत नाही, कारण ती एकदम जात नाही. सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी स्टँडवर मित्र भेटला की पुन्हा वीस. राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी घातली. तिचे टपरीवर काय झाले ते आपण सर्व जण पाहतोच. सुटे घेणाऱ्याला आपण किती खर्च करतो हे कधी कळत नाही, आणि व्यसन त्या न कळण्यावरच जगते.

इथे सिगारेट न ओढणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये. 2016-17 साली झालेल्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांत धूम्रपान करणारे 3.8 टक्केच होते, बाकी बहुतेक सारे तंबाखू, मिश्री, गुटखा यांतले. गुटख्यावर तर राज्यात जुलै 2012 पासून बंदी आहे. चुलीपुढे बसून मिश्री लावणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही, पण त्यांच्या डबीचाही हिशेब निघू शकतो. आणि संध्याकाळच्या बाटलीचा हिशेब मांडायला बसलो तर हे पान पुरणार नाही.

आता मूळ प्रश्न. उपवासातून वाचलेले कुणाचे? ख्रिस्तसभेची जुनी शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. पाचव्या शतकातील पोप थोर लिओ यांनी प्रायश्चित्तकाळातील आपल्या प्रवचनांतून पुनःपुन्हा सांगितले की श्रद्धावंत जे खात नाही ते गरिबाच्या ताटात पडले पाहिजे. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही तिन्ही एकाच दोरीचे पेड आहेत. दान वगळून केलेला उपवास म्हणजे काटकसर. काटकसर वाईट नाही, पण तिला उपवास म्हणता येत नाही. या मापाने पाहिले तर आवारातल्या त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे बरोबर ठरते.

तरीही आम्हांला ते अपुरे वाटते. त्या तरुणाचा हेतू शुद्ध नव्हता, त्याला नफा हवा होता, हा त्यांचा आक्षेप. पण पंधराव्या अध्यायात संत लूकने सांगितलेला उधळ्या पुत्र आठवून पाहा. तो घरी परतला तो बापावरच्या प्रेमाने नव्हे, पोटातल्या भुकेने. डुकरांमागे बसून त्याला आधी आठवली ती बापाच्या घरच्या नोकरांची भाकरी. बापाने वाटेत अडवून हेतूची चौकशी केली नाही. तो वळला एवढे त्याला पुरे होते. माणूस चांगल्याकडे वळतो तेव्हा बहुधा अर्धवट, मिश्र हेतूनेच वळतो. डॉक्टरांनी घाबरवले म्हणून, मुलगी धुराने खोकते म्हणून, पैसा हवा म्हणून. यांपैकी एकही कारण लाजिरवाणे नाही. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ संयम या सद्‌गुणाविषयी बोलताना अन्न, दारू आणि तंबाखू यांचा अतिरेक टाळण्यास सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी तर नोव्हेंबर 2017 मध्ये जाहीर करून 2018 पासून व्हॅटिकनमधील सिगारेट विक्रीच बंद केली. त्या विक्रीतून पैसा मिळत होता, तो सोडून दिला.

व्यवसाय करणे हेही पाप नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1991 साली आपल्या परिपत्रकात उद्योगशीलतेचा आणि नफ्याच्या योग्य स्थानाचा गौरव केला आहे. मात्र नफा हेच एकमेव माप नव्हे, असेही त्याच ठिकाणी बजावले आहे. आजऱ्यातली तरुण पोरे कामासाठी मुंबई, पुणे, गोवा गाठतात. त्यांतला एक इथेच राहून काही उभे करू पाहतो, तर त्याला पाप-पुण्याचे दाखले देऊन खाली बसवणे आम्हांला मान्य नाही.

म्हणून आम्ही त्या तरुणाच्या बाजूने मत बनवून त्याच्या घरी गेलो. तिथे आमचे मत बदलले. बदलले ते त्याच्या पत्नीच्या एका वाक्याने. चहाचा कप पुढे ठेवत ती शांतपणे म्हणाली, "ते पैसे यांचे कधी होते?"

मग तिने सांगितले. किराणा दुकानात उधारीची वही आहे. मुलीच्या शाळेची फी एका सत्राची राहिली आहे. सासूबाईंच्या डोळ्यांचे काम दोन वर्षे पुढे ढकलले आहे. ज्या वर्षांत हे सारे मागे पडत होते त्याच वर्षांत रोजचे साठ रुपये धूर होऊन जात होते. आता धूर थांबला, तर ते साठ रुपये "वाचले" असे म्हणायचे की घराला परत मिळाले असे म्हणायचे?

आमच्या मते सारा प्रश्न इथेच आहे. आपण सवय सोडतो आणि त्या पैशाकडे आपली कमाई म्हणून पाहू लागतो, आणि वर बक्षीसही मागतो. ज्याने रोज कुटुंबाच्या ताटातून एक घास उचलला त्याने उद्यापासून तो उचलणे थांबवले, तर तो घास त्याच्या भांडवलाचा होत नाही. तो ज्या ताटातला होता त्या ताटात जातो.

जुन्या करारात राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात एका विधवेची हकिकत आहे. नवरा कर्ज ठेवून मेला आहे, सावकार दोन्ही मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला आहे आणि घरात तेलाच्या एका बुधलीखेरीज काही नाही. अलीशा संदेष्टा तिला शेजाऱ्यांची रिकामी भांडी मागून आणायला सांगतो आणि बुधलीतले तेल सारी भांडी भरेपर्यंत आटत नाही. चमत्काराकडे आपले लक्ष जाते, पण त्यानंतर संदेष्टा तिला जो क्रम सांगतो तो पाहा. आधी तेल विकायचे, मग कर्ज फेडायचे, आणि उरेल त्यावर तिने व मुलांनी जगायचे. ती बाई खरी व्यापारी झाली. तेल देवाने दिले होते, तरी त्यावर पहिला हक्क देणेकऱ्याचा ठरला.

आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅल्बट नावाचा हमाली करणारा कामगार होता. त्याचा जन्म 1856 सालचा. पोरवयातच दारूला लागला आणि मजुरी गुत्त्यात जाऊ लागली. 1884 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली, तीही आधी तीनच महिन्यांची. 1925 साली मिस्सेला जाताना रस्त्यात कोसळून त्याला मरण आले, तोवर त्याने पुन्हा दारूला स्पर्श केला नाही. तंबाखूही सोडली, आणि चरित्रकार सांगतात की ती सोडणे त्याला दारूपेक्षा जड गेले. 1975 साली पोप सहावे पॉल यांनी त्याला वंदनीय घोषित केले. आम्हांला त्याच्या कथेत सर्वांत भिडते ते शपथेनंतरचे वागणे. त्याने गुत्त्या-गुत्त्यातली उधारी फेडली. एका फिरत्या वादकाचे फिडल त्याने व सोबत्यांनी पूर्वी चोरून दारूसाठी विकले होते. त्या माणसाला तो शहरभर शोधत फिरला आणि सापडला नाही, तेव्हा त्या पैशांत त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करवल्या. शुद्धीवर आलेल्या माणसाला आधी आठवले ते त्याचे देणेकरी.

हे सर्व आम्ही त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो वैतागला, आणि त्याचे वैतागणे रास्त होते. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे, म्हणजे प्रायश्चित्तकाळाला जवळजवळ लागूनच. कच्ची बी तेव्हाच रोख देऊन घ्यावी लागते, उन्हात वाळवून साठवावी लागते. ती वेळ गेली की वर्ष गेले. "उधारी फेडत बसलो तर काजू हातचा जाईल, आणि धंदा झाला तर उधारी तीन महिन्यांत फिटेल," असे त्याचे म्हणणे. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण उधारी नक्की आहे आणि धंदा अजून व्हायचा आहे. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे. त्याला एवढे जोडावेसे वाटते की, बुरूज कोसळला तर खाली कोण सापडेल याचाही अंदाज घ्यावा.

शिवाय "ऑनलाइन धंदा" या शब्दाखाली हल्ली काय काय खपते ते आपण जाणतो. कुणी पैसे भरून पैसे कसे मिळवावेत याचे वर्ग घेतो. कुणी मोबाईलवर फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे करतो. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली. सिगारेट सोडून त्यात उतरणे म्हणजे एक व्यसन देऊन दुसरे घेणे.

आपल्या तरुणाचा मार्ग तसा नव्हता. त्याचा माल खरा होता. आजरा घनसाळला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याच्या सुवासाची महती आपल्याला कुणी सांगायला नको. पण खऱ्या मालाबरोबर खऱ्या जबाबदाऱ्याही येतात. अन्नपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. 2011 च्या नियमांनी लहान विक्रेत्यासाठी तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये ठेवले, म्हणजे न करण्याला सबब नाही. फोटोत अख्खा काजू आणि पाकिटात पाकळी, हे चालणार नाही. ग्राहक समोर नाही, तो माल हातात घेऊन पाहू शकत नाही, म्हणून इथे तराजू अधिकच खरा हवा. आणि ज्या बायका दिवसभर बसून काजू फोडतात, टरफलातल्या तेलाने ज्यांचे हात पोळतात, त्यांना देताना हात आखडून मुंबईच्या ग्राहकाला मोफत पोच देणे हा कसला नफा?

एक गोष्ट आम्हांला विशेष सांगायची आहे. झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराचा दाखला संत मत्तयच्या बाराव्या अध्यायात आहे. बाहेर काढलेला दुष्ट आत्मा सात सोबती घेऊन त्याच घरात परत येतो. सिगारेट गेली की मोठी पोकळी उरते. हाताला चाळा हवा असतो, संध्याकाळचे सोबती तुटतात. ती पोकळी उद्योगाने भरली तर उत्तम. पण रात्री दोन वाजता उठून "ऑर्डर आली का" म्हणून मोबाईल पाहणारा माणूस खरोखर सुटला का? त्या पत्नीने आम्हांला हेही सांगितले होते की पूर्वी हे ओढायला अंगणात जात, आता मोबाईल घेऊन अंगणात जातात.

ज्यांना नुसत्या निश्चयाने जमत नाही त्यांनी संकोच करू नये. 1800-112-356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक 2016 पासून आहे. प्रार्थना करणाऱ्यानेही तो फिरवावा, त्यात श्रद्धेला उणेपणा नाही.

शेवटी त्या घरी काय ठरले? डब्याची किल्ली पत्नीकडे गेली. किराण्याची वही आधी फेडायची, मग फी. आठवड्यातला एक दिवस, शुक्रवारचा, चर्चच्या दानपेटीसाठी. हे तिनेच सुचवले, आम्ही नव्हे. उरेल ते धंद्याला. काजूचा हंगाम अर्थातच हातचा गेला. तो आजही आम्हांला भेटला की म्हणतो, "तुमच्या धर्मशास्त्रापायी काजू गेला बघा," आणि त्यात थट्टा किती व राग किती हे आम्हांला अजून कळलेले नाही. मध्यंतरी दोनदा तो घसरलाही. त्या दोन तारखांपुढे पत्नीने हिशेबाच्या वहीत काही न लिहिता नुसती फुली मारली आहे.

किराण्याची वही ऑगस्टमध्ये बंद झाली. दिवाळीच्या सुमारास पाच-पाच किलो घनसाळाच्या चार पिशव्या मुंबईच्या ओळखीच्या घरी गेल्या. भांडवल एवढेच निघाले होते. सासूबाईंच्या डोळ्यांचे मात्र अजून व्हायचे आहे. पत्र्याचा डबा पवित्र मातेच्या तसबिरीखालच्या फळीवर आहे. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा काजूसाठी त्यातले किती काढायचे यावरून दोघांचा वाद चालला होता.