ख्रिस्ती मनुष्यानें राष्ट्राभिमान बाळगावा काय?

गर्व हें पापाचें मूळ आहे, असें आपण मंडळींत नित्य शिकवितों. मग मोठी निवडणूक पार पडली आणि देशाविषयीं ऊर भरून आला, म्हणजे तोही गर्वच नव्हे काय, अशी शंका कित्येक भाविकांस येते. आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक डोळ्यांपुढें ठेवून आम्ही या शंकेचा विचार करूं इच्छितों.

ती निवडणूक ऑक्टोबर १९५१ पासून फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली. मतदारांच्या याद्यांत १७ कोटींहून अधिक नांवें होतीं. त्यांतील बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिजवर चिन्ह लाविलें होतें. इंग्रजी अमलांत जमीन, कर व शिक्षण पाहून मताचा हक्क मिळे. आतां तीं मापें गेलीं. पाटलाचें मत एक, आणि त्याच्या शेतांत राबणाऱ्या गड्याचेंही एक. ज्यांस पाणवठ्यावर उभें राहूं देत नसत, त्यांच्या कागदाचें वजन इतरांच्या कागदाएवढेंच भरलें. देवानें प्रत्येक मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा केला, असें आम्ही सांगतों. त्या सत्याची छाया राज्यकारभारांत दिसली असतां आनंद न मानणें ही कृतघ्नताच होय.

यांत आपल्या समाजाचाही वाटा आहे. १९३५ च्या कायद्यानें कित्येक प्रांतांत हिंदी ख्रिस्ती लोकांस विभक्त मतदारसंघ मिळाले होते. पुढें घटनासमितीनें १९४९ सालीं धर्मावर आधारलेल्या राखीव जागाही रद्द केल्या, तेव्हां समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी या बंगाली ख्रिस्ती गृहस्थांनीं त्यास पाठिंबा दिला. स्वतःभोवतीं कुंपण न मागतां शेजाऱ्यावर विश्वास टाकणें, हें त्यांनीं श्रेयस्कर मानिलें.

परंतु त्याच निवडणुकींत दुसरीही एक गोष्ट घडली. उत्तरेकडील पुष्कळ स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची आई किंवा तमक्याची बायको एवढेंच सांगितलें. अशीं सुमारें २८ लाख नांवें मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकीर्दींत यादींतून गळालीं. उत्तम मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढरास नांवानें हांक मारतो. येथें तर लक्षावधि मातांस नांवच उरलें नाहीं.

यावरून खऱ्या व खोट्या अभिमानाची पारख करितां येते. खोटा अभिमान परूश्यासारखा उभा राहून आपण इतरांहून थोर, असें म्हणतो, आणि दाराबाहेर राहिलेल्यांकडे पाहत नाहीं. खरा अभिमान मिळालेल्या देणगीबद्दल आभार मानतो, आणि ती ज्यांस मिळाली नाहीं त्यांचें ऋण आपल्यावर आहे असें समजतो. प्रभूनें यरुशलेमावर प्रीति केली, म्हणूनच तिच्यासाठीं तो रडला. ज्यास आपल्या देशासाठीं रडतां येत नाहीं, त्याचा जयघोष पोकळ होय.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, पुढील याद्या तयार होतील तेव्हां आपल्या वस्तींत फिरून पाहावें. ऊसतोडणीस गेलेल्या कुटुंबाचें, एकट्या विधवेचें, नुकत्याच सासरीं आलेल्या सुनेचें नांव यादींत आहे काय? नसल्यास तें नोंदविण्यास त्यांस साहाय्य करावें. मग तीं आपल्या मंडळीचीं असोत वा नसोत. आणि आपलें मत पैशास किंवा दारूस विकूं नये. असा अभिमान बाळगणाऱ्यास प्रभूपुढें लाज वाटण्याचें कारण नाहीं.